तीन टक्के घट

आर्डेन वोसिकाच्या रानात गुरं तोलायचा काटा होता. त्या काट्यावर पाच पौंडांपेक्षा बारीक वजन कळत नसे, आणि वासरांना तेवढं पुरतं. पश्चिम नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत माणसं तोलायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात व्यापाऱ्याचा ट्रक आला आणि मागं राहिलेली उशिराची वासरं घेऊन गेला. दिवस कोरडा होता, पण वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर येईपर्यंत गोठावं. आर्डेन दांडीवरचं वजन सरकवत होता, त्याचा पोरगा रॉयस फाटक धरून वासरं एकेक करून काट्यावर घालत होता. आठआठशे पौंडांची दांडगी वासरं. एखादं बिथरलं की रॉयस खांदा लावून त्याला आत ढकली, आणि वासरू आपण होऊनच आत गेल्यासारखं गुमान उभं राही.

तोल झाला की घट कापायची. वासरू काट्यावर चढतं तेव्हा त्याच्या पोटात पाणी असतं, चारा असतो. ट्रकमध्ये उभ्यानं शंभर मैल गेलं की ते सगळं उतरतं. म्हणून काट्यावरच्या वजनातून शेकडा तीन पौंड वजा धरायचे, ही तिकडची रीत. घेणारा घट मागतो, देणारा कुरकुरतो आणि शेवटी देतो. आर्डेन कधी कुरकुरला नाही. व्यापाऱ्यानं तोंड उघडायच्या आत तो घट कापून आकडा सांगून मोकळा होई. त्याचा बाप असंच करी. वोसिकांची वासरं लोक न बघता घेत, आणि याचा आर्डेनला अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडा माजही होता.

त्याच दिवशी टपालातून ते कार्ड आलं.

राज्याच्या पूर्वेला मोठं विद्यापीठ आहे. तिथल्या फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या, संघाचं या राज्यात काय प्रस्थ आहे, ते शनिवारी दुपारी कुठल्याही ट्रॅक्टरमध्ये डोकावलं तर कळतं. रेडिओ चालू असतो आणि माणूस रांगेबाहेर नांगरत असतो. रॉयस पाच वर्षांचा होता तेव्हापासून त्या रेडिओच्या शेजारी बसलेला. तो ऑलरेड गावच्या शाळेत खेळायचा. शाळेत पोरंच इतकी थोडी की तिथं अकराऐवजी आठ-आठ जणांचे संघ करून खेळतात. तरीही त्याच्या खेळाची टेप बघून विद्यापीठाच्या कोचनं पत्र धाडलं होतं, एकदा फोनही केला होता. बचावाच्या रांगेत टोकाला उभा राहणारा गडी त्यांना हवा होता. जागा एकच उरली होती, आणि त्या जागेबरोबर चार वर्षांचं शिक्षण, राहणं, खाणं सगळं मिळणार होतं. ती मिळाली नाही तर रॉयसचं शिकणं तिथंच संपलं म्हणायचं. हे वोसिकांच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण जेवताना तिघांच्याही मनात तेच असायचं.

विद्यापीठाच्या त्या कार्डावर उंची, वजन, जन्मतारीख, असलंच विचारलं होतं. शाळेचे कोच टॅपर मास्तर इतिहास शिकवत आणि शाळेची बसही चालवत. मुलींच्या बास्केटबॉलच्या संघाला घेऊन ते तीन दिवस बाहेरगावी गेले होते. जाताना रॉयसला बजावून गेले होते, कार्ड आलं तर ठेवून दे, सोमवारी मी भरतो. पण आलेलं काम पडू देणं आर्डेनच्या स्वभावात नव्हतं. काटा मोकळा होता, पोरगा समोर होता.

"चढ," तो म्हणाला.

रॉयसनं काट्याकडं बघितलं. काट्याच्या फळ्यांवर वासरांचं शेण अजून वाफाळत होतं. "हितं?"

"मंग काय दवाखान्यात जायाचं?"

रॉयस चढला. हात काखेत घालून, मान खाली घालून, अठरा वर्षांचा बाप्या पिंजऱ्यात उभा राहिला. ट्रकवाला अजून गेला नव्हता. त्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, याला पण घेऊन जाऊ का म्हणून. रॉयस हसला नाही. त्याचे कान आधीच थंडीनं लाल झाले होते, ते आणखी लाल झाले.

काट्यानं दोनशे बत्तीस दाखवले, म्हणजे तीसच्या थोडं पुढं आणि पस्तिसाच्या बरंच मागं, असा आर्डेनचा अंदाज. अंगावर थंडीचा जाड डगला, पायात रबरी बूट. त्याचे बारा पौंड धरले, राहिले दोनशे वीस. आर्डेन कार्ड घेऊन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. दुपारी पोरानं भाजलेल्या मांसाचे दोन मोठे तुकडे आणि वर लिटरभर दूध रिचवलेलं त्यानं स्वतः बघितलं होतं. म्हणून त्यानं तीन टक्के घट कापली. राहिले दोनशे तेरा. काटा पाचाच्या टप्प्यानं चालतो, तेव्हा खालचा आकडा धरलेला बरा. त्यानं दोनशे दहा लिहिलं. उंची मोज्यांसकट सहा फूट तीन इंच भरली होती. मोजे लोकरीचे होते. त्यानं सहा-दोन लिहिलं, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड टपालात पडलं. चोख काम केल्याच्या समाधानात त्यानं कॉफीचा दुसरा कप घेतला.

दहा दिवसांनी पत्र आलं. चार ओळींचं होतं. रॉयसच्या खेळाचं कौतुक होतं, त्याला शुभेच्छा होत्या, आणि या वर्षी आम्हाला अधिक भरदार अंगाचे खेळाडू हवे आहेत असं होतं. रॉयसनं ते उभ्यानं वाचलं, घडी घालून आईच्या, जॅनेलच्या, हातात दिलं आणि गाईंना चारा टाकायला निघून गेला.

संध्याकाळी टॅपर मास्तर गाडी घेऊन आले. त्यांनी टोपी काढली नाही, बसलेही नाहीत.

"कार्ड कुणी भरलं?"

"मी," आर्डेन म्हणाला.

"काय लिहिलंस?"

आर्डेननं सांगितलं. कसं काढलं तेही सगळं सांगितलं, बूट, डगला, दूध, घट. जॅनेल भांडी विसळत होती, तिचे हात पाण्यातच थांबले. 

मग मास्तरांनी समजावून सांगितलं. शाळेच्या सामन्यांच्या छापील यादीत रॉयस सहा-चार आहे आणि दोनशे पस्तीस पौंड आहे. ते मास्तरांनीच छापलेलं. देशात एक शाळा अशी नाही जी पोरांचं वजन दहा-पंधरा पौंड चढवून लिहीत नाही. विद्यापीठवाल्यांना ते माहीत आहे. म्हणून आलेल्या कार्डावरच्या आकड्यातून ते आधीच दहा पौंड उतरवतात. तुझ्या दोनशे दहाचे त्यांनी दोनशे केले असणार. दोनशे पौंडांचं पोर टोकाला उभं केलं तर समोरचे त्याला उचलून बाकावर नेऊन ठेवतील.

"म्हंजी सगळे खोटं लिवत्यात म्हनून मी बी लिवायचं?"

"खोटं नको लिहू. खरं तरी लिहायचंस. खरं दोनशे वीस होतं, आर्डेन."

जॅनेल हात न पुसताच वळली. "पोराला काट्यावर घातलास ते घातलास," ती म्हणाली, "वर त्याची घट कापलीस. त्याला काय ट्रकातनं कापायला धाडायचा हुता?"



गावात बातमी पोचायला दोन दिवस लागले. सहकारी दुकानाच्या कॉफीच्या टेबलावर सकाळी सहा-सात म्हातारे बसतात. बियाणं कंपन्यांच्या टोप्या घालतात आणि कुणाचं काय चाललंय याचा हिशेब चोख ठेवतात. आर्डेन मीठ न्यायला गेला तर मायलो नावाच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "आर्डेन," तो म्हणाला, "जॅनेलशी लगीन लावताना पाद्र्यानं इचारलं तवा बी तू तीन टक्के कमीच 'व्हय' म्हनला हुतास का रं?" टेबल हादरेपर्यंत सगळे हसले. आर्डेनही हसला, मिठाच्या गोण्या उचलल्या आणि गाडीत टाकल्या. परतीच्या तेवीस मैलांत त्यानं रेडिओ लावला नाही.

म्हातारे हसले त्याचं त्याला काही नव्हतं. रॉयस काहीच बोलत नव्हता, त्याचं होतं. पोरगा शाळेत जाई, येई, डगला चढवी आणि कामाला लागे. पहिलारू कालवडी वीत होत्या. तिथं दर दोन तासांनी बघावं लागतं, हातात दोर आणि साखळी ठेवावी लागते. बापलेक शेजारी शेजारी काम करत आणि फक्त जनावरांबद्दल बोलत.

एका सकाळी ते टाकीवरचं बर्फ फोडत होते. रॉयसच्या हातात कुऱ्हाड होती, आर्डेन फावड्यानं तुकडे काढत होता. रॉयस थांबला, कुऱ्हाडीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि बापाकडं न बघता म्हणाला, "बाबा, घट घेनारा मागतो. आपनहून काढून द्यायची नसती."

एवढंच. मग पुन्हा कुऱ्हाड चालू झाली. आर्डेन फावडं धरून तसाच उभा राहिला. त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला आयुष्यात दोन-तीनदाच वाटली असेल. वासरांत जी गोष्ट शोभली तीच त्यानं पोरावर चालवली होती. आपलं नाव चोख राहावं म्हणून पोराच्या अंगचं दहा पौंड मांस कापून दिलं होतं, आणि पोराला विचारलंही नव्हतं.

दहा वाजता तो घरात गेला आणि डोक्यावरची टोपी तशीच ठेवून विद्यापीठाला फोन लावला. आजवर त्यानं बँकेत, कोर्टात, दुष्काळात कुणापुढं तोंड वेंगाडलं नव्हतं. फोनवरच्या बाईनं त्याला दोनदा थांबायला लावलं. तो थांबला. मग ते कोच आले, रॉलिन्स नावाचे. आवाजावरून दमलेले वाटत होते.

"मी रॉयस वोसिकाचा बाप. कार्डावर वजन मी चुकीचं लिवलं."

"सगळेच लिहितात, मिस्टर वोसिका."

"मी कमी लिवलं."

 मग रॉलिन्सनी पुन्हा सांगायला लावलं. आर्डेननं पुन्हा सांगितलं, घटीसकट. कोच हसले की खोकले ते कळलं नाही. ते म्हणाले, गुरुवारी मला तुमच्याच बाजूला यायचंय, शंभर मैल पलीकडं दुसरा एक मुलगा आहे, दोनशे चाळीसचा म्हणतात. त्याच्या पुढच्या बुधवारपर्यंत मला नाव द्यायचंय. वाटेत थांबेन. पोराला तोलेन, पण तुमच्या काट्यावर नाही.

गुरुवारी दुपारी मास्तरांनी रॉयसला वर्गातून सोडलं. तीनच्या सुमाराला कोच रॉलिन्स आले. आले म्हणजे फाटकापर्यंत आले, तिथं त्यांची गाडी बर्फात रुतली आणि आर्डेननं ट्रॅक्टर लावून ओढली. माणूस अंगानं जाडजूड, कधीकाळी स्वतः खेळलेला, पायात पातळ कातडी बूट. ओढलेल्या गाडीतून उतरताना त्यांचा चेहरा ओशाळला होता.

गोठ्यात रॉयस एका अडलेल्या कालवडीशी झटत होता. वासराच्या पायांना साखळी लावलेली, पोरगा शेणात बसलेला, दोन्ही पाय तिच्या पुठ्ठ्याला टेकवून ओढतोय. कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. वासरू एकदम सुटून त्याच्या मांडीवर आलं. त्यानं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, पेंढ्यानं अंग रगडलं, आणि नव्वद पौंडांचं ते ओलं जनावर उचलून दिव्याखाली उबेला नेऊन ठेवलं.

आर्डेननं कोचकडं बघितलं. मनात थोडी आशा होती.

"मिस्टर वोसिका," रॉलिन्स म्हणाले, "मी एकोणीस वर्षं हिंडतोय. प्रत्येक रानात मला कुणी ना कुणी वासरू उचलून दाखवतं. घरात चला."

आर्डेनचं तोंड पडलं. पण त्याला तो माणूस आवडला.

रॉलिन्सनी गाडीच्या डिकीतून न्हाणीघरात ठेवतात तसला छोटा काटा काढला. स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला, वर स्वतः उभे राहिले, त्याची सुई जमवली. दुसऱ्या कुणाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि हे लपवावं असं त्यांना वाटतही नव्हतं. रॉयसला चड्डीवर उभं केलं. जॅनेलनं तोंड चुलीकडं फिरवलं. पोराच्या दंडावर वासराचं रक्त सुकलं होतं, अंगावर काटा आला होता.

"दोनशे बावीस," रॉलिन्स म्हणाले. त्यांनी त्याला उतरवून पुन्हा चढवलं. "दोनशे बावीस." मग भिंतीशी उभा करून अनवाणी उंची घेतली. सहा फूट, वर पावणेतीन इंच.

त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं, आर्डेनच्या अक्षरातलं, आणि टेबलावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच, ते म्हणाले, कार्डापेक्षा जड पोरगा बघतोय. जॅनेलनं रॉयसच्या खांद्यांवर गोधडी टाकली, टेबलावर कॉफी आणि कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, मांडले. कोचनी दोन खाल्ले. रॉयसनं एकालाही हात लावला नाही.

कोच मग मोकळेपणी बोलले. वजन पुरेसं आहे, त्यावर तीस पौंड आम्ही चढवू. पण तो पलीकडचा मुलगा अकरा जणांत खेळतो, मोठ्या शाळांविरुद्ध खेळतो. रॉयसची टेप मी सहा वेळा बघितली, आणि आठ जणांच्या मैदानात समोर दुबळी पोरं असली की कुणीही वाघ दिसतो. तो खरंच कसा आहे ते टेपवरून मला कळत नाही. हे कुणाला विचारायची सोय नसते. मास्तर म्हणणार पोरगा हिरा आहे. आई म्हणणार हिरा आहे. पाद्री पण तेच म्हणणार.

त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. "या राज्यात एका माणसावर माझा विश्वास बसेल असं आज वाटलं. तुम्ही सांगा. पोरगा कसा आहे?"

 आर्डेननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पोराबद्दल चांगलं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याच्या बापालाही नव्हती. तिकडं कुणालाच नसते, पोराची तारीफ केली तर कुणी तरी हसेल असं वाटतं. रॉयस गोधडी घट्ट धरून फरशीकडं बघत होता. बाप आता काय बोलणार याची पोराला भीती वाटतेय, हे आर्डेनला दिसलं. ते बघून त्याला फार वाईट वाटलं.

"दोन वर्सांमागं," तो म्हणाला, "फेब्रुवारीत बैलानं मला फाटकावर दाबला. मांडी मोडली. सा आठवडे मी त्या खोलीत पडून हुतो. दोनशे दहा गाई व्याच्या हुत्या. ह्यो सोळा वर्सांचा. ह्यानं आन ह्याच्या आईनं सगळ्या काढल्या. शाळा एक दिस बुडवली न्हाई. त्यात चार वासरं गेली." तो थांबला. "मी सोता असतो तर साताठ गेली असती. दर साली जात्यात."

रॉयसनं मान वर केली.

"मी खिडकीतनं बघायचो," आर्डेन म्हणाला. "एकदा वासरू मेलं तर गोठ्याच्या मागं जाऊन रडला. मंग तोंड धुऊन दुसऱ्या गाईकडं गेला. तुमचा खेळ मला लई कळत न्हाई. पन पडल्यावर उठायचं काम असंल तर ह्याच्यापरीस चांगला गडी माझ्या बघन्यात न्हाई. माझ्यासकट."

जॅनेल चुलीकडं तोंड करून उभी होती. तिनं एप्रनचा कोपरा डोळ्यांना लावला.

रॉलिन्सनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि कप बाजूला सारला. पलीकडच्या मुलाला भेटून येतो, दिलेला शब्द आहे, ते म्हणाले, पण त्याला बोलावणारी दुसरी विद्यापीठं पुष्कळ आहेत. ही जागा रॉयसची. बुधवारी कागद येतील. मग ते पोराकडं वळले. "काय रे, येशील ना?"

तेरा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न समोर होता, आणि रॉयसचं कोचकडं लक्षच नव्हतं. तो बापाकडं बघत होता.

"तुमी ह्ये मला कधी बोलला न्हाईत," तो म्हणाला.

"कुनी इचारलं न्हाई."

रॉयसच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसता हसता त्याला रडू आलं. अर्धा उघडा, गोधडीत गुंडाळलेला दोनशे बावीस पौंडांचा पोरगा आईबापासमोर आणि परक्या माणसासमोर हुंदके देत उभा राहिला, आणि आर्डेननं उठून त्याच्या मानेमागं हात ठेवला. तो हात तिथंच होता, तेव्हा रॉयस कोचना म्हणाला, "येतो मी."